गच्चीवरचा अँटेना वाऱ्यात फिरतोय? आधी क्लॅम्प बघा

फायबर न पोहोचलेल्या गावांत बरेच लोकल इंटरनेटवाले वायरलेस कनेक्शन देतात. गच्चीवर जीआय पाइप, त्यावर डिश आणि डिशचं तोंड दूरच्या टॉवरकडे. सुरुवातीला स्पीड मस्त असतो. मग एके रात्री जोराचा वारा सुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ अडकायला लागतो. आपण राउटर बंद-चालू करत बसतो, पण दोष बऱ्याचदा वर, क्लॅम्पमध्ये असतो.

हिशेब बघा. ५.८ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या ६० सेंमीच्या डिशचा बीम साधारण ६ अंश रुंद असतो. म्हणजे डिश ३ अंश वळली की सिग्नलची पॉवर निम्म्यावर येते. दीड इंची जीआय पाइप बाहेरून सुमारे ४८ मिमी जाड असतो. त्यावर ३ अंश म्हणजे क्लॅम्प जेमतेम सव्वा मिमी सरकणं! खालून बघून हे कधीच कळणार नाही.

आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात वारे ताशी १०० किमीच्या पुढे होते. तेवढ्या वाऱ्यात या डिशला ढोबळमानाने १५ ते २० किलोचा आडवा रेटा बसतो.

म्हणून डिशसाठी यू-बोल्टच वापरा, शक्यतो दात असलेल्या पट्टीचा. दात पाइपमध्ये रुततात, त्यामुळे क्लॅम्प गोल फिरत नाही. दुकानात साइज सांगताना मात्र गोंधळ होतो: दीड इंच हे पाइपचं नावाचं माप आहे, यू-बोल्ट बसतो बाहेरच्या ४८ मिमीवर. सोबत पाइपचा तुकडाच नेलेला बरा. होज क्लिप (स्क्रूने आवळायची स्टीलची पट्टी) छोट्या, हलक्या रेडिओला चालते, मोठ्या डिशला नाही. प्लॅस्टिकचे टाय फक्त केबल बांधायला. त्यातही पांढरे नको, उन्हाने कडक होऊन तुटतात. काळे जास्त टिकतात.

यू-बोल्टचे दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली की पट्टी तिरकी बसते. नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच. पण जोर काढून पिळू नका, पातळ पाइप चेपतो. पाइप घेताना निळ्या पट्ट्याचा, म्हणजे बी क्लास घ्या. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास पातळ असतो. सिग्नल नीट जुळला की मार्करने क्लॅम्प आणि पाइपवर मिळून एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, की डिश फिरली.

क्लॅम्प घट्ट असून पाइपच डुलत असेल तर काय उपयोग? पाइप भिंतीला किमान दोन ठिकाणी धरलेला हवा, आणि त्या दोन ब्रॅकेटमध्ये चांगलं अंतर हवं. नुसत्या प्लॅस्टर किंवा विटांच्या कच्च्या कठड्यापेक्षा काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारा. पाण्याच्या टाकीच्या पीव्हीसी पाइपला डिश बांधण्याचा जुगाड अजिबात नको.

गंजाचं म्हणाल तर कोकण आणि गोव्यात हाच मोठा शत्रू. चकचकीत झिंक प्लेटिंगचे नट-बोल्ट खाऱ्या हवेत लवकर गंजतात. तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३०४ देशावर छान चालतं. स्टेनलेसच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर नट जाम होतो आणि काढताना बोल्ट कापावा लागतो.

आता जिवाचं. पाइप उभा करताना विजेची तार जवळ असेल तर काम थांबवा. पाइप आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढं अंतर हवंच. ११ केव्हीची लाइन चूक माफ करत नाही. गच्चीच्या कडेला एकट्याने चढू नका, आणि पावसात किंवा वाऱ्यात तर नकोच. पाइपला जाड तारेने अर्थिंग द्या, पण अर्थिंग केलं म्हणजे वीज पडली तरी सगळं वाचेल असं नाही. ढग गडगडायच्या आधीच घरातला अडॅप्टर प्लगमधून काढा आणि डिशकडून येणारी केबलही सोडवून ठेवा.