दहा कोटींची नोट आणि पणजीचा डबा

टेंभुर्णीच्या आमच्या घरात पणजीचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात राणीछाप चांदीचा एक रुपया आणि तीन भोकाचे पैसे. दुसऱ्या महायुद्धातली महागाई आणि सोलापूर जिल्हा हा माझा पीएचडीचा विषय या डब्यातूनच निघाला. पण त्याच विषयातली माझी सगळ्यात मोठी चूक मला दाखवली ती हंगेरीच्या एका नोटेनं.

ही नोट मी पुण्याच्या एका नाणे प्रदर्शनात घेतली. डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मागे बुडापेस्टची संसद. मला वाटलं, जगात चलनात आलेली सगळ्यात मोठी नोट आपल्या हाती लागली. घरी येऊन नीट वाचलं तर ती निघाली दहा कोटी पेंगोची. साधी, भरपूर सापडणारी.

एक चित्र, तीन नोटा

घोळ कसा झाला ते सांगतो. युद्धानंतर हंगेरीचे कारखाने, रेल्वे उद्ध्वस्त होते, मध्यवर्ती बँकेचं सोनं देशाबाहेर गेलं होतं आणि वर 30 कोटी डॉलरची युद्धभरपाई द्यायची होती. कर पुरेसा येईना, म्हणून सरकार नोटा छापत राहिलं. डिसेंबर 1945 मध्ये मोठ्या नोटांवर तिकीट चिकटवायची सक्ती झाली. हजाराची नोट चालवायची तर तीन हजारांचं तिकीट! म्हणजे लोकांकडच्या पैशाचा तीन-चतुर्थांश भाग एका फटक्यात गेला. तरीही महागाई थांबली नाही. जुलै 1946 मध्ये किमती साधारण दर 15 तासांनी दुप्पट होत होत्या.

नवीन चित्रं काढायला वेळ कुठला? जुन्याच चित्राचा रंग बदलायचा आणि एककाचं नाव बदलायचं. ‘मिलपेंगो’ म्हणजे दहा लाख पेंगो. ‘बी-पेंगो’ म्हणजे एक लाख कोटी पेंगो. त्यामुळे ‘दहा कोटी’ हे शब्द आणि तीच बाई तीन वेगवेगळ्या नोटांवर दिसते. खरी विक्रमी नोट दहा कोटी बी-पेंगोची, म्हणजे एकावर 20 शून्यं. 1 ऑगस्ट 1946 ला फोरिंट हे नवं चलन आलं, तेव्हा अशा 400 कोटी नोटांची किंमत झाली एक फोरिंट. लोकांनी पेंगो रस्त्यावर टाकले. झाडूवाला गटारातल्या नोटा झाडतोय, असा त्या काळातला एक प्रसिद्ध फोटो आहे.

माझं बाद झालेलं प्रकरण

आता आपल्याकडे या. मी संग्राहकांचे अल्बम पाहून एक प्रकरण लिहिलं होतं. गृहीतक सोपं होतं: जी नोट आज जास्त सापडते, ती तेव्हा जास्त वापरात होती. 1940 ची एक रुपयाची आणि 1943 ची दोन रुपयांची नोट मी अशीच मोजली होती.

मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “मग हंगेरीत ती दहा कोटींची नोट लोकांनी सगळ्यात जास्त वापरली का?”

मी गप्प. ती नोट आज भरपूर सापडते, कारण ती कुठेच चालेनाशी झाली आणि परत घ्यायलाही कोणी नव्हतं. आपल्याकडे त्याच वर्षी बरोबर उलटं घडलं. 12 जानेवारी 1946 च्या वटहुकुमानं 500, 1,000 आणि 10,000 च्या नोटा रद्द झाल्या. उद्देश होता युद्धकाळातला काळा पैसा बाहेर काढायचा. सुमारे 144 कोटी रुपयांच्या या नोटांपैकी जवळपास 135 कोटींच्या नोटा लोकांनी बदलून घेतल्या. म्हणून आज त्या दुर्मीळ आहेत. एक नोट बिनकिमतीची झाली म्हणून उरली, दुसरी किंमत असल्यामुळे परत गेली.

थोडक्यात, संग्रह म्हणजे नमुना नव्हे. पैसा कसा वापरला हे संग्रह सांगत नाही, शेवटी लोकांनी त्याचं काय केलं हे सांगतो. प्रकरण बाद केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता महागाईसाठी मी मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ वाचतो. त्यात सोलापूरच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दर महिन्याला येत असे. धनंजयराव गाडगीळ आणि एन. व्ही. सोवनी यांनी युद्धकाळातल्या आर्थिक धोरणाबद्दल 1943 मध्येच पुण्याहून लिहिलं होतं, तेही सोबत ठेवलं आहे.

डब्याकडे परत

मग डबा निरुपयोगी झाला का? नाही. फक्त त्याला विचारायचा प्रश्न बदलला. 1940 मध्ये लोक चांदीचे रुपये दडवू लागले. सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट काढली. 1943 चा पैसा तांबं वाचवायला भोक पाडूनच आला. पणजीच्या हातून कागदी नोटाही गेल्या असणार, पण डब्यात एकही नाही. राणीछाप रुपया मात्र तिनं शेवटपर्यंत मोडला नाही. तिनं बाजारात काय घेतलं हे डबा सांगत नाही. तिचा भरवसा कशावर होता, हे सांगतो.

तुमच्या विषयातही असा एखादा डबा असेल: पत्रं, फोटो, दप्तरातल्या फायली. त्यात काय आहे हे मोजायच्या आधी दोन गोष्टी विचारा. हे कोणी आणि का ठेवलं? आणि जे इथं नाही, ते कुठं गेलं? मी हे चाळीस पानं लिहून झाल्यावर विचारलं. तुम्ही पहिल्याच पानावर विचारा.