कालिब कुणाचा? स्कीच्या बुटाची दीडशे वर्षे

4 फेब्रुवारी 2022. बीजिंगमध्ये हिवाळी ऑलिम्पिकचे उद्घाटन सुरू होते. तिरंगा हातात घेऊन मैदानात आलेला तरुण काश्मीरचा होता. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टंगमर्ग भागातला मोहम्मद आरिफ खान. त्या स्पर्धेत भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलम प्रकारात तो 45वा आला. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात एक तपशील वारंवार येत राहिला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान आहे आणि हा मुलगा चौथ्या वर्षापासून बर्फावर आहे.

तिरंग्याची चर्चा झाली, काश्मीरची झाली. पायातल्या बुटांबद्दल कुणी विचारले नाही. खरे तर या खेळाचा सगळा कारभार बुटातून चालतो. स्कीपटू गुडघा वाकवतो, त्याची नडगी बुटाच्या पुढच्या भिंतीवर रेलते, बूट तो दाब खालच्या पट्टीला देतो आणि पट्टी वळते. बूट सैल असेल तर पाय आत हलतो आणि पट्टी जागच्या जागी राहते. घट्ट असेल तर रक्त अडते, बोटे बधिर होतात आणि बर्फात बधिर झालेली बोटे ही चेष्टेची गोष्ट नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून हजारो पर्यटक गुलमर्गला जातात, त्यातले काहीजण हौसेने स्की पायाला लावतात आणि संध्याकाळी पाय चोळत बसतात. बर्फ छान होता, बूट मात्र जीवघेणे होते, अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीला मोठा इतिहास आहे.

साच्याला दिलेले नाव

उर्दूत घनिष्ठ मैत्रीसाठी एक वाक्प्रचार आहे, ‘यक जान दो कालिब’. एक जीव, दोन देह. वर्गात तो शिकवताना मुले कालिबचा अर्थ शरीर असा लिहून घेतात. तो बरोबरच आहे. पण शब्दाचा मूळ अर्थ साचा. अरबीत तो ग्रीकमधून आला आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होता लाकडी पाय. म्हणजे चांभार ज्यावर चामडे ताणून जोडा शिवतो तो लाकडी ठोकळा. आपल्याकडचे कारागीर त्याला फर्मा म्हणतात. फारसीतला ‘कालबुद’ याच घराण्यातला. पायाच्या लाकडी प्रतिकृतीचे नाव पुढे सबंध मानवी देहाला मिळाले.

जोड्याचा सगळा प्रश्न या एका शब्दात आहे. बूट पायावर बेतला जात नाही, तो फर्म्यावर बेतला जातो. मग फर्मा कुणाच्या पायाचा? गावातला कारागीर तुमच्या पायाचे माप घेऊन फर्मा निवडत असे, गरज पडली तर त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवून तो फुगवत असे. कारखान्याला हे जमत नाही. कारखाना एक सरासरी पाय धरतो आणि लाखो माणसांना त्यात पाय घालायला सांगतो.

गवत आणि पेंढा

स्की हे मुळात खेळाचे साधन नव्हते. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि रशियाच्या दलदलीत हजारो वर्षांपूर्वीच्या लाकडी पट्ट्या सापडल्या आहेत. शिकार आणि प्रवास हे त्यांचे काम. उत्तरेकडचे सामी लोक रेनडिअरच्या कातड्याचे मऊ जोडे घालत. जोड्याचे टोक वर वळलेले असे, ते पट्टीवरच्या चामडी वादीत अडकवायचे. आत मोजे नसत, वाळवलेले गवत असे. रोज ते गवत काढायचे, सुकवायचे, पिंजून पुन्हा भरायचे. पायाच्या आजूबाजूला जिथे पोकळी असेल तिथे गवत जाऊन बसे. ऊबही मिळे आणि मापही जमे.

काश्मीरमध्येही बर्फासाठी ‘पुलहोर’ नावाचा जोडा होता, भाताच्या पेंढ्याचा विणलेला. गरीब माणसाचा जोडा, घरी वळायचा, झिजला की नवा करायचा. दोन्हीकडे तत्त्व एकच. मऊ वस्तू पायाचा आकार घेते. टाच मोकळी असे, चालताना ती वर उचलली जाई आणि त्यामुळे जोड्याने पाय जखडून ठेवण्याची गरजच नव्हती.

कंदहारची केबल

ही गरज निर्माण झाली ती उतारावरून वेगाने येण्याच्या हौसेतून. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नोरहाइमने 1860च्या दशकात लवचीक फांद्या पिळून टाचेमागून वेढा दिला आणि पट्टीवर ताबा मिळवला. ऑस्ट्रियाच्या माथियास झ्दार्स्कीने 1890च्या दशकात आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी धातूची पकड बनवली. पुढचा टप्पा आला तो मात्र एका ओळखीच्या नावाने. ते नाव आहे कंदहार.

27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे अयुब खानाने इंग्रजी फौजेचा पराभव केला. या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, त्यांची मोठी हानी झाली. उरलेले सैन्य कंदहारमध्ये अडकले. जनरल फ्रेडरिक रॉबर्ट्स काबूलहून सुमारे दहा हजारांची फौज घेऊन तीन आठवड्यांच्या पायपिटीनंतर तिथे पोहोचला आणि 1 सप्टेंबरला त्याने लढाई जिंकली. कानपूरला जन्मलेला हा सेनानी पुढे ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार’ झाला. 1911मध्ये स्वित्झर्लंडमधील एका स्की शर्यतीसाठी त्याच्या नावाचा चषक ठेवला गेला. 1924मध्ये म्यूरेन गावात आर्नल्ड लन आणि त्याच्या मित्रांनी क्लब काढला, त्याचे नावही कंदहार. या लनचा जन्म मद्रासचा. आजच्या स्लॅलम शर्यतीचे नियम त्यानेच 1922मध्ये घातले. 1920च्या दशकाच्या अखेरीस गिडो रॉइगे या स्विस तंत्रज्ञाने बुटाच्या टाचेभोवती ताणली जाणारी पोलादी स्प्रिंग-केबल तयार केली. तिलाही त्याने शर्यतींवरून कंदहार हेच नाव दिले.

ज्या शहराच्या आसपास आपल्याकडचे शिपाई मेले, त्याचे नाव युरोपच्या मौजमजेत असे रुजले. साम्राज्याच्या इतिहासात अशा गोष्टी पावलोपावली भेटतात.

बुटाच्या दृष्टीने या केबलचे महत्त्व वेगळे आहे. तिने टाच खाली दाबून धरली. टाच उचलली जात नाही म्हटल्यावर बुटाचा तळ ताठ हवा, टाचेला केबल बसण्यासाठी खाच हवी आणि बुटाच्या आत पाय हलता कामा नये. मऊ जोड्याचा जमाना तिथे संपला. जखडलेल्या पायाने पडले की हाड मोडायचे, आणि अशी मोडकी हाडे पुष्कळ झाली. पाय मोडून घेतलेल्या याल्मार व्हाम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीपटूने 1930च्या दशकाच्या शेवटी झटका बसताच सुटणारी पकड बनवली, ती त्यामुळेच.

चामड्याची हद्द

यानंतर दोन-तीन दशके चामड्याने जमेल तेवढे केले. जाड कातडे, आत आणखी एक मऊ बूट, लांबलचक नाड्या. पहाटे थंडीत आकडलेल्या बोटांनी या नाड्या आवळायच्या, दुपारी चामडे ओले होऊन सैलावले की पुन्हा आवळायच्या. 1950च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हेन्के कंपनीने नाड्यांऐवजी धातूची बकले आणली. इटलीत व्हेनिसजवळच्या मोन्तेबेलूना या चांभारांच्या गावात नॉर्डिकासारखे कारखाने वाढले. 1939मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आधी साधे जोडे केले, मग स्कीचे. पुढे जगातल्या स्की-बुटांचा मोठा हिस्सा याच परिसरातून येऊ लागला. तिथे आज बुटांचे संग्रहालय आहे.

चामड्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते, मग हळूहळू आपल्या पायाची होते. स्कीच्या चामडी बुटाचेही तसेच होते, फक्त एक अडचण होती. तो पायाला नीट बसेपर्यंत मऊ झालेला असे आणि मऊ बूट उतारावर कामाचा नाही. आराम आणि ताबा एकाच वेळी मिळत नव्हते.

प्लास्टिक वाकत नाही

हा पेच अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या बॉब लँगने सोडवला. आयोवा सपाट प्रदेश, डोंगर नाहीत. लँगचा व्यवसाय प्लास्टिकचा. 1950च्या दशकापासून तो प्लास्टिकच्या बुटाचे प्रयोग करत होता. 1960च्या दशकाच्या मध्याला बकले असलेला त्याचा बूट बाजारात आला. कॅनडाच्या खेळाडूंनी तो लवकर स्वीकारला आणि थोड्याच वर्षांत शर्यतींमधून चामडे हद्दपार झाले. ताबा तर असा मिळाला की स्की चालवण्याची पद्धतच बदलली.

किंमत नडगीने मोजली. ताठ कडेवर आपटून होणाऱ्या वेदनेला स्कीपटूंनी ‘लँग बँग’ असे नावच ठेवले. चामडे चार दिवसांनी तरी नमते घेई, प्लास्टिक घेत नाही. कारखान्याच्या कालिबमध्ये तुमचा पाय बसला तर बसला. नाही बसला तर घोट्याचे हाड, करंगळी, टाचेमागचा उंचवटा यांनी सोसायचे. घोट्याच्या दुखापती कमी झाल्या, कारण बूट आता घोट्याच्या वर चढला होता. जोर गुडघ्यावर आला आणि पुढच्या काळात गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती या खेळाची मोठी चिंता बनल्या.

पुढची पन्नास वर्षे मग आतल्या बाजूची दुरुस्ती करण्यात गेली. पाय आत ठेवून भोवती फेस ओतण्याचा प्रयोग झाला. फेस फुगतो, घट्ट होतो आणि पायाचा साचा तयार होतो. ऑस्ट्रियाच्या लेख गावात असे बूट आजही करून मिळतात. 1980च्या दशकात मागून उघडणाऱ्या बुटांची लाट आली. पाय सरकवा, मागचे दार बंद करा, झाले. घालायला सोपे, पण पावलावर सगळीकडे सारखी पकड मिळेना, म्हणून 1990च्या दशकात ती ओसरली. पुढे आतला मऊ बूट गरम करून पायावर बसवण्याची सोय झाली. 1956च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून आधुनिक पेंटॅथलॉन खेळलेल्या स्वेन कूमरने नॉर्डिकासाठी बूट घडवले आणि तळव्याच्या कमानीला आधार देणाऱ्या खास तळपट्टीचा आग्रह धरला. आता जाणकार दुकानदार प्लास्टिकचे कवचही तापवून नेमक्या जागी फुगवतात किंवा आतून घासतात. गावचा चांभार फर्म्यावर चामड्याचा तुकडा चिकटवून जे करत होता, तेच काम यंत्राने परत आले.

माप कसे घ्यावे

मापाची पद्धतही साधी झाली. स्कीच्या बुटाचा नंबर मॉन्डोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी. 26.5 नंबर म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचे पाऊल. भिंतीला टाच टेकवून उभे राहा आणि मोठ्या बोटापर्यंत मोजा. आपल्या नेहमीच्या 8 किंवा 9 नंबरच्या हिशेबाने बूट मागू नका. बहुतेक बुटांत 26 आणि 26.5चे कवच एकच असते, अर्ध्या नंबराचा फरक आतल्या भागात असतो.

खरी परीक्षा कवचाची. आतला मऊ बूट बाहेर काढा, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. दीड-दोन सेंटिमीटर ठीक. मूठभर जागा उरली तर तो बूट मोठा. आतला भाग घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरली पाहिजेत. टाच वर उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन जाड मोजे घातले की ऊब वाढेल ही समजूत उलटी पडते, कारण दाबलेल्या पायात रक्त पोहोचत नाही. पट्टीवरची पकड तुमचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावायची असते. म्हणून बूट बदलला की पकडही पुन्हा लावून घ्यायला सांगा.

रुंदीचा प्रश्न आपल्यासाठी विशेष आहे. बुटाच्या माहितीत 98, 100 किंवा 102 असा आकडा असतो, तो चवड्याची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या माणसांचा चवडा तुलनेने रुंद असतो, हे दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांच्या अभ्यासातही दिसले आहे. फर्मे मात्र प्रामुख्याने युरोपीय पायांवर बेतलेले. आपल्या माणसाला मग लांबीने योग्य बूट रुंदीला आवळतो, तो एक-दोन नंबर मोठा बूट मागतो, चवडा सुखावतो आणि टाच सैल होते. उतारावर पडण्याची सुरुवात इथून होते. अशा वेळी उपाय मोठ्या नंबराचा नाही, रुंद साच्याचा आहे.

गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनी 1927मध्ये स्की क्लब काढला. 1948मध्ये तिथे लष्कराची स्की शाळा सुरू झाली. 1988च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये गुल मुस्तफा देव उतरला आणि पुढे आरिफ आला. अडीच हजार मीटरवरच्या त्या गावातील पोरे अनेकदा कुणीतरी वापरून टाकलेल्या बुटांवर खेळ शिकतात. भाड्याच्या बुटाने आपला एक दिवस खराब होतो. न बसणाऱ्या बुटाने त्या मुलाचे शिकणेच अर्धवट राहू शकते, आणि दोष मात्र त्याच्या कौशल्याला दिला जातो. हिवाळी खेळांसाठी पदकांच्या घोषणा होतात तेव्हा अनुदानाच्या यादीत एक ओळ पायाच्या मापासाठीही असावी. गुलमर्गमध्ये कवच तापवून रुंद करणारे यंत्र आणि ते चालवणारी दोन-चार शिकलेली स्थानिक माणसे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. चामडे आणि पेंढा हाताळणारे हात त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

आपण मुलांना शाळेतही तयार साच्यात बसवतो आणि बसले नाही की मुलात खोट शोधतो. आधी पाय पाहावा आणि मग कालिब निवडावा, हे जुन्या चांभाराला कुणी शिकवावे लागत नव्हते.