लाइन (शब्द)

लाइन (लेखनभेद: लाईन) हा मराठीत रुळलेला मूळ इंग्रजी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ रेषा असला, तरी मुंबईच्या उपनगरांत तो प्रामुख्याने रेल्वेमार्ग, रूळ आणि रांग या अर्थांनी वापरला जातो. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

व्युत्पत्ती

इंग्रजी शब्द लॅटिन 'लिनिआ'पासून आला. 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या तंतूंचा दोरा, ताणलेल्या दोऱ्याने आखलेली रेघ आणि पुढे कोणतीही सरळ मांडणी, असा त्याचा अर्थविस्तार झाला.

रेल्वेमार्ग

अंधेरी व बोरिवली 'वेस्टर्न लाइन'वर, तर घाटकोपर व मुलुंड 'सेंट्रल लाइन'वर आहेत. अंधेरीस हार्बर लाइनच्या गाड्याही येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंड परिसरातूनच गेली. पश्चिम व मध्य रेल्वे हे विभाग ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाले. घाटकोपरहून अंधेरीला रेल्वेने जाण्यासाठी दादरला 'लाइन बदलावी' लागे किंवा कुर्ला-वडाळामार्गे वळसा घ्यावा लागे. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने ही दोन्ही स्थानके थेट जोडली.

रूळ

'पाचवी लाइन', 'सहावी लाइन' या प्रयोगांत लाइन म्हणजे रुळांची एक जोडी. 'लाइन क्रॉस करणे' म्हणजे रूळ ओलांडणे. ही कृती जिवावर बेतू शकते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इतर अर्थ

* रांग: तिकीट खिडकीपुढील किंवा रिक्षाथांब्यावरील लाइन.
* वसाहत: पोलीस लाइन. मरीन लाइन्स हे स्थानकनाव लष्करी वसाहतीवरून आले.
* तार किंवा नळ: विजेची, टेलिफोनची, पाण्याची वा गॅसची लाइन, त्यावरून लाइनमन.
* व्यवसाय: 'तो कोणत्या लाइनमध्ये आहे?' या अर्थी 'लाइन बदलणे' म्हणजे व्यवसाय बदलणे.
* बोलीभाषा: 'लाइन मारणे' म्हणजे एखाद्या व्यक्तीचे लक्ष वेधून प्रणयाचा प्रयत्न करणे.

मराठी पर्याय

संदर्भानुसार रेषा, ओळ, रांग, मार्ग, रूळ, वाहिनी हे शब्द वापरले जातात. सर्व अर्थ सामावणारा एकच पर्याय नाही. 'मार्गिका' हा शब्द मेट्रोच्या संपूर्ण मार्गासाठी तसेच रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या रुळांसाठीही वापरला जातो. त्यामुळे मूळ शब्दातील संदिग्धता त्यातही काही अंशी उतरली आहे.