पायथॉन २ ते ३: अकरा वर्षांचं स्थलांतर

३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३ आलं आणि सुरळीत चालणारे जुने प्रोग्राम नव्या इंटरप्रिटरवर अडखळू लागले. 'प्रिंट'पुढे कंस नसला की प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. ही चूक सोपी, कारण एरर थेट ओळीचा क्रमांक सांगायची. भागाकाराची चूक मात्र छुपी होती. ३ भागिले २ केलं की पूर्वी १ यायचा, आता १.५. एरर नाही, फक्त हिशेब बदललेला.

खरा घोळ अक्षरांचा होता.

जुन्या पायथॉनमध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. यूटीएफ-८ मधल्या 'मराठी' या शब्दाची लांबी तिथे १५ भरायची. नव्यात ती ५ भरते. इंग्रजी मजकुरावर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्राम एखादं देवनागरी नाव येताच कोसळायचा. पायथॉन ३ नं बाइट आणि मजकूर वेगळे केले, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ जागच्या जागी पकडली जाऊ लागली. देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी एवढा त्रास नक्कीच सोसण्याजोगा होता.

दुरुस्तीला 'टू-टू-थ्री' हे साधन आणि 'सिक्स' ही लायब्ररी आली. तरीही पायथॉन २.७ चा सपोर्ट संपवण्याची २०१५ ची मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली.