खिद्रापूरच्या चंद्राचा फोटो सगळ्यांकडे, शिलालेख कुणी बघितलाय?

त्रिपुरी पौर्णिमा आली की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो फिरतो. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत आणि त्यात मधोमध चंद्र. फोटो झकासच असतो, वाद नाही. पण मंडळी, याच देवळाच्या दक्षिण दरवाजाजवळ एक देवनागरी शिलालेख आहे. त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी घेणारा मला अजून भेटलेला नाही.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं मानतात. त्यांचा शेवटचा राजा दुसरा भोज. पन्हाळ्याच्या या भोजाला देवगिरीच्या यादव सिंघणाने हरवलं आणि राज्य संपलं. आता जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या देवळाचं काय करावं? सिंघणाने त्याला गाव इनाम दिलं! शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ चा हा लेख तेच सांगतो. जुगूळ आणि शिरगुप्पी ही गावंही देवाचीच, असंही त्यात आहे. ही दोन्ही गावं आज कृष्णेपलीकडे, कर्नाटकात. सीमावादावर तावातावाने बोलणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

गाव इनाम म्हणजे नुसता मान नव्हे. त्या गावाच्या उत्पन्नातून देवाची पूजाअर्चा कायमची चालायची. आणि खर्चाला कमी नसणार, देऊळच तसलं आहे. पुढे मोकळा स्वर्गमंडप, उघड्या छताभोवती बारा खांबांचं कडं, मग सभामंडप, अंतराळ, गाभारा. बाहेरून खाली बघा, हत्तींची रांगच्या रांग सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. समोर नंदी मात्र नाही. तो यडूरला, तेही कर्नाटकातच. आत कोपेश्वराशेजारी धोपेश्वर, म्हणजे शंकर आणि विष्णू एकाच गाभाऱ्यात.

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या देवळात शिरलं. पूर आपल्याला नवा नाही. पण पाणी ओसरल्यावर कोरीव कामात बसलेला गाळ कुणी आणि कसा काढायचा, खांबांची तपासणी कधी करायची, याचं ठरलेलं वेळापत्रक आणि ठरलेले पैसे नकोत का? पौर्णिमेच्या गर्दीत पुढारी दिसतात. माझा प्रश्न त्यांना आहे, आणि तो पावसाळ्याआधीचा आहे.

पुढच्या वेळी गेलात तर दक्षिण दरवाजाकडून या. लेख तिथेच आहे.