श्वास आणि स्वावलंबन : मुंबई उपनगरांतील दीर्घकालीन श्वसनविकारांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
दीर्घकालीन फुफ्फुसविकारात रोग समूळ नाहीसा होण्याची शक्यता बहुधा अल्प असते. त्यामुळे औषधांचे वेळापत्रक, श्वसनाचे व्यायाम, श्रमाची मर्यादा ओळखणे आणि मनाची उभारी टिकवणे या गोष्टी दैनंदिन जीवनात रुग्णालाच सांभाळाव्या लागतात. यालाच आज 'स्व-व्यवस्थापन' म्हटले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस क्रीअर आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दमाग्रस्त मुलांच्या पुनर्वसनकार्यात ही संज्ञा वापरू लागले. म्हणजेच या संकल्पनेची वाढ श्वसनविकाराच्या संदर्भातच झाली. मुंबईच्या उपनगरांत तिचे दोन भिन्न प्रवाह आढळतात. त्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्सोव्याचा प्रवाह :
मालसरचे परमहंस माधवदासजी यांचे शिष्य श्रीयोगेंद्र (१८९७–१९८९) यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी साष्टीतील वर्सोवा येथे, दादाभाई नौरोजी यांच्या समुद्रकाठच्या निवासात, 'द योग इन्स्टिट्यूट'ची स्थापना केली. पुढे १९४८ मध्ये ही संस्था सांताक्रूझला स्थिरावली. माधवदासजींचेच दुसरे शिष्य स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना करून योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. संन्याशाची मानली गेलेली साधना गृहस्थाच्या दिनक्रमात आणणे, हे या परंपरेचे ऐतिहासिक कार्य होय. श्वास लांबवणे, उच्छ्वास संथ करणे, आहारविहाराचा नेम पाळणे ही साधने रुग्णाच्या स्वतःच्या हाती राहिली. धाप लागताच घाबरून श्वास उथळ व जलद होतो आणि त्यामुळे धाप आणखी वाढते. हे चक्र मंदावण्यास संथ श्वसनाचा उपयोग होतो. मात्र दमेकऱ्याच्या बाबतीत ते औषधाला पूरक आहे, पर्यायी नव्हे.

घाटकोपरचा प्रवाह :
सन १९५० आणि १९५७ च्या विस्तारांनी उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. घाटकोपर ते मुलुंड हा पट्टा औद्योगिक म्हणून वाढला, आणि श्वासाचा प्रश्न केवळ व्यक्तीच्या नेमधर्माचा राहिला नाही. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शहरातील कमी-अधिक प्रदूषित वस्त्यांची ग्रामीण वस्तीशी तुलना करून हवा आणि श्वसनविकार यांचा संबंध अभ्यासला. पुढे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी घाटकोपर येथील ॲस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातील कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १८१ कामगारांपैकी ४१ जणांना, म्हणजे सुमारे २३ टक्के कामगारांना, ॲस्बेस्टॉसिस असल्याचे निदान झाले. या रोगाची नोंद क्षय किंवा जुनाट खोकला अशी चुकीने केली जाते, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले.

या निदानाचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. फुफ्फुसात रुतलेले तंतू कोणत्याही प्राणायामाने बाहेर पडत नाहीत व झालेला व्रण भरून येत नाही. येथे स्वतःची काळजी घेण्याची पहिली पायरी म्हणजे आपल्या रोगाचे खरे नाव कळणे. ते कळल्यावरच कामगार धुळीपासून दूर होऊ शकतो, धूम्रपान सोडण्याची निकड त्याला पटते आणि भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. त्यांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जतन करण्याचा आदेशही दिला. रोग प्रकट होण्यास दशके लागतात, हे त्यामागील कारण उघड आहे. अशा रुग्णाच्या दृष्टीने जुना क्ष-किरण आणि हजेरीपत्रक ही औषधाइतकीच मोलाची साधने ठरतात.

निष्कर्ष :
हे दोन प्रवाह परस्परविरोधी नाहीत. वर्सोव्याच्या परंपरेने रुग्णाला स्वतःच्या श्वासावरील अधिकार दिला, तर घाटकोपरच्या अनुभवाने त्या अधिकाराची सीमा दाखवून दिली. संथ श्वसनाने ॲस्बेस्टॉसच्या रुग्णाचीही धाप सुसह्य होऊ शकते. परंतु ज्याच्या श्वासात दुसऱ्याच्या कारखान्याची धूळ गेली, त्याला केवळ 'नियमित व्यायाम करा' असे सांगणे म्हणजे जबाबदारीचे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकणे होय. स्व-व्यवस्थापनाच्या कार्यक्रमांची आखणी करताना महाविद्यालयांनी व आरोग्यसंस्थांनी रुग्णाला दोन प्रश्न विचारावयास हवेत : तुम्ही श्वास कसा घेता, आणि कोणत्या हवेत घेता? यांपैकी दुसरा प्रश्न वगळला, तर स्वावलंबनाचा उपदेश हा दोषारोप ठरण्याचा धोका आहे.