रहस्यकादंबरीतील हौशी शोधनायिका

पोलिसी अधिकार किंवा व्यावसायिक गुप्तहेराचा परवाना हाती नसताना केवळ कुतूहल, न्यायबुद्धी वा जिवलगांवर आलेले बालंट यांपायी गुन्ह्याचा छडा लावणारी, बहुधा धीट व फटकळ अशी स्त्री. अशा नायिकेभोवती गुंफलेल्या कादंबऱ्या हा इंग्रजी रहस्यकथेचा एक लोकप्रिय प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व अमेरिका येथे त्याचा उदय झाला, दोन महायुद्धांमधील काळात त्याला स्थिर रूप लाभले आणि १९८० नंतर त्याचा मोठा विस्तार झाला.

ह्या प्रकाराचे आकर्षण नायिकेच्या अधिकारहीनतेत आहे. पोलीस अधिकारी घराची झडती घेऊ शकतो, साक्षीदारास बोलावू शकतो, संशयितास अटक करू शकतो. हौशी नायिकेस ह्यांपैकी काहीच करता येत नाही. लोकांनी आपण होऊन बोलावे, एवढाच मार्ग तिला मोकळा असतो. त्यामुळे कथानकाचा भार संभाषणावर पडतो आणि तिचे हजरजबाबी बोलणे हा केवळ अलंकार न राहता तपासाचे साधन बनते. तिला कोणी गंभीरपणे घेत नाही, म्हणूनच तिच्यासमोर लोक निर्धास्तपणे बोलतात. दुसरे असे, की स्वयंपाकघर, कपडालत्ता, नातीगोती, नोकरचाकर, शेजारपाजार यांविषयीचे जे ज्ञान बायकी म्हणून हिणवले जाते, तेच येथे पुराव्याच्या योग्यतेस चढते. कोणाचे ज्ञान ग्राह्य मानावयाचे, हा प्रश्न ह्या कादंबऱ्या करमणुकीच्या रूपाने मांडत आल्या आहेत.

लंडनच्या महानगर पोलीस दलात गुप्तहेरांची शाखा १८४२ मध्ये स्थापन झाली. तीत स्त्रियांना स्थान नव्हते. अटकेचा पूर्ण अधिकार असलेली पहिली स्त्री पोलीस ग्रँटम येथे नेमली गेली, ती १९१५ मध्ये. साहित्याने मात्र ही मजल अर्धशतक आधीच मारली होती. अँड्रू फॉरेस्टर ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ आणि ‘रेव्हिलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह’ ही दोन्ही पुस्तके १८६४ सालची. त्यांतील नायिका पैसे घेऊन काम करणाऱ्या होत्या. हौशी नायिकेचा ठसठशीत आविष्कार आढळतो, तो विल्की कॉलिन्झ (१८२४–८९) ह्याच्या ‘द लॉ अँड द लेडी’ (१८७५) ह्या कादंबरीत. आपल्या पतीवर पहिल्या पत्नीस विष घातल्याचा आरोप होता आणि न्यायालयाने ‘आरोप शाबीत नाही’ असा निवाडा देऊन त्याला सोडले होते, हे व्हॅलेरियाला विवाहानंतर कळते. तत्कालीन स्कॉटिश कायद्यातील हा निवाडा आरोपीस तुरुंगातून मुक्त करी. परंतु कलंकातून मुक्त करीत नसे. वकिलांनी सोडून दिलेले प्रकरण व्हॅलेरिया पुन्हा उकरून काढते. पती, सासू व हितचिंतक सर्वच तिला परावृत्त करू पाहतात. ती कोणाचेही ऐकत नाही आणि ही हकीकत स्वतःच सांगते. प्रथमपुरुषी निवेदन करणारी, विरोधाला न जुमानणारी स्त्री हा पुढील परंपरेचा पाया येथे घातला गेला.

विनोदाची धार ह्या नायिकेस अमेरिकेत लाभली. ॲना कॅथरिन ग्रीन (१८४६–१९३५) हिच्या ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ (१८९७) ह्या कादंबरीतील मिस अमीलिया बटरवर्थ ही न्यूयॉर्कमधील सुखवस्तू, अविवाहित प्रौढा. मध्यरात्री शेजारच्या बंद घरापाशी गाडी थांबल्याचे ती खिडकीतून पाहते आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात एका स्त्रीचे प्रेत सापडते. आपण चोंबड्या नाही, असे ती वाचकांना पुनःपुन्हा बजावते आणि तिची प्रत्येक कृती त्याच्या उलट साक्ष देते. मृत स्त्रीच्या पोशाखावरून तिला जे उमगते, ते मुरब्बी पोलीस अधिकारी ग्राइस याच्या नजरेतून सुटते. दोघांमधील कुरघोडी हा कादंबरीचा रंजक भाग असला, तरी त्यातून पोलिसी तपासाच्या मर्यादाही उघड होतात. ग्रँट ॲलन (१८४८–९९) ह्याच्या ‘मिस केलीज ॲड्व्हेंचर्स’ (१८९९) मधील लॉइस केली ही गर्टन महाविद्यालयात शिकलेली तरुणी खिशात अवघे दोन पेन्स घेऊन जगप्रवासास निघते व वाटेत लबाडांचे डाव उघडकीस आणते. स्त्रियांच्या उच्च शिक्षणातून घडलेल्या ‘नव्या स्त्री’ची ही प्रतिमा होती. प्रौढ, तिखट जिभेची अविवाहिता आणि स्वतंत्र वृत्तीची तरुणी ह्या दोन्ही मूर्ती पुढील शंभर वर्षे टिकून राहिल्या.

पहिल्या महायुद्धात लक्षावधी तरुण मारले गेले. १९२१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा १७ लाखांहून अधिक भरली आणि अविवाहित स्त्रियांचा उल्लेख ‘अतिरिक्त स्त्रिया’ असा होऊ लागला. समाजाने अनावश्यक ठरविलेल्या ह्या वर्गातूनच रहस्यकथेने आपल्या नायिका निवडल्या, ही लक्षणीय गोष्ट आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिची मिस मार्पल प्रथम १९२७ मध्ये एका लघुकथेत अवतरली. ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ (१९३०) ही तिची पहिली कादंबरी. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) मधील डॉक्टरच्या चौकस बहिणीत मिस मार्पलचे बीज होते, असे ख्रिस्तीने नमूद केले आहे. सेंट मेरी मीड ह्या काल्पनिक खेड्याबाहेर फारसे न पडलेली ही वृद्धा प्रत्येक गुन्ह्याला गावातल्या एखाद्या क्षुल्लक घटनेचा दाखला शोधते. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच, हे तिचे गृहीतक. वरकरणी ती विणकाम करणारी, सौम्य आजीबाई. तिच्या बोलण्यातला उपरोध मात्र ऐकणाऱ्याच्या उशिरा लक्षात येतो.

डॉरोथी एल्. सेयर्झ (१८९३–१९५७) हिने हेच सूत्र अधिक जाणीवपूर्वक वापरले. ‘अननॅचरल डेथ’ (१९२७) मधील मिस क्लिम्सन ह्या अविवाहितेस लॉर्ड पीटर विम्झी चौकशीच्या कामी नेमतो. कारण पोलिसाने विचारल्यास संशय उत्पन्न करणारे प्रश्न तिच्या तोंडी स्वाभाविक वाटतात. ‘स्ट्राँग पॉइझन’ (१९३०) मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली लेखिका हॅरिएट व्हेन ‘गॉडी नाइट’ (१९३५) मध्ये ऑक्सफर्डच्या एका स्त्री-महाविद्यालयातील निनावी पत्रांचा शोध घेते. ह्या कादंबरीत खून नाही. विद्वत्तेशी प्रामाणिक राहणाऱ्या स्त्रीने विवाहाची किंमत काय मोजावी, हे तिचे खरे रहस्य होय. सेयर्झने स्वतः १९१५ मध्ये ऑक्सफर्डची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली होती. परंतु स्त्रियांना पदवी देण्यास विद्यापीठाने १९२० मध्ये आरंभ केल्यामुळे पदवीसाठी तिला तोवर थांबावे लागले.

ह्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमायर (१८६२–१९३०) ह्याने मुलींसाठी नॅन्सी ड्रू ही मालिका काढली (१९३०). कॅरोलिन कीन ह्या सामायिक टोपणनावामागील पहिली लेखिका मिल्ड्रेड वर्ट बेन्सन (१९०५–२००२) हिला पहिल्या पुस्तकाबद्दल १२५ डॉलर मिळाले व हक्क सोडून द्यावे लागले. तिचे कर्तृत्व १९८० मधील एका न्यायालयीन खटल्याच्या निमित्ताने सर्वज्ञात झाले. स्वतःची मोटार चालविणारी, मोठ्यांना सडेतोड उत्तरे देणारी सोळा वर्षांची नॅन्सी मंदीच्या काळातील वाचक-मुलींना विलक्षण भावली. १९५९ पासून जुन्या पुस्तकांची संशोधित रूपे निघाली. त्यांतून वंशविषयक आक्षेपार्ह चित्रणे गाळण्यात आली, ते योग्यच झाले. पण नायिका अठरा वर्षांची होताना तिचा बेडरपणाही बराचसा ओसरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग व सोनिया सोटोमायर ह्या न्यायाधीश स्त्रियांनी बालपणीच्या वाचनात नॅन्सीचा उल्लेख केला आहे.

स्त्रीमुक्ती चळवळीच्या काळात नायिका नोकरी-व्यवसायात शिरली. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका कॅरोलिन हाइलब्रन (१९२६–२००३) हिने अमँडा क्रॉस ह्या नावाने ‘इन द लास्ट अ‍ॅनॅलिसिस’ (१९६४) लिहून केट फॅन्सलर ही प्राध्यापिका-शोधक निर्माण केली. कायम नेमणूक हुकेल, ह्या धास्तीने तिने आपले नाव लपविले होते. ईजिप्तविद्येतील डॉक्टरेट मिळविलेल्या बार्बरा मर्ट्‌झ (१९२७–२०१३) हिने एलिझाबेथ पीटर्स ह्या नावाने ‘क्रॉकोडाइल ऑन द सँडबँक’ (१९७५) लिहिली. तिची नायिका अमीलिया पीबडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ईजिप्तमध्ये छत्री परजत उत्खनने व गुन्हेगार दोहोंचा समाचार घेते. फटकळ नायिकेचा हा सर्वांत प्रसन्न नमुना मानता येईल. १९८२ मध्ये सारा पारेट्स्की व सू ग्राफ्टन यांच्या व्यावसायिक, पिस्तूलधारी नायिका आल्या. त्यानंतर हौशी नायिका मागे पडेल अशी अपेक्षा होती, घडले उलटेच. ग्रंथपाल, खानपान-व्यावसायिक, बेकरीवाली अशा नायिकांची रांगच लागली. डायान मॉट डेव्हिडसनच्या ‘केटरिंग टु नोबडी’ (१९९०) सारख्या कादंबऱ्यांत पाककृतीही छापल्या जाऊ लागल्या. रक्तपात व शृंगार पडद्याआड ठेवणाऱ्या ह्या शाखेस ‘कोझी’ असे नाव पडले. जॅनेट इव्हानोव्हिचच्या ‘वन फॉर द मनी’ (१९९४) मधील स्टेफनी प्लम काटेकोर अर्थाने हौशी नव्हे. नोकरी गेल्यामुळे ती फरारी आरोपींना पकडून देण्याचे काम पत्करते. परंतु तिचे अनाडीपण व स्वतःवरच केलेले विनोद हौशी परंपरेतलेच आहेत.

ह्या प्रकारावर आक्षेपही घेतले गेले आहेत. एका लहानशा गावात वर्षागणिक पडणारे खून, नायिकेच्या प्रेमात पडणारा सोयीस्कर पोलीस अधिकारी आणि मृत्यूचे सौम्यीकरण ह्या त्याच्या ठळक उणिवा होत. मोलकरणींच्या तोंडून माहिती काढून घेणाऱ्या सुखवस्तू नायिकांना त्या मोलकरणींचे जग क्वचितच दिसले. ह्या उणिवेवर बार्बरा नीली (१९४१–२०२०) हिने नेमके बोट ठेवले. ‘ब्लँच ऑन द लॅम’ (१९९२) मधील ब्लँच व्हाइट ही कृष्णवर्णीय घरकामगार. मालकांच्या लेखी ती अदृश्य असते. म्हणूनच ती त्यांना आरपार पाहू शकते. तिच्या तिखट शेऱ्यांपैकी बहुतेक मनातच राहतात, कारण उघडपणे बोलण्याची किंमत तिला ठाऊक असते. फटकळपणाची मोकळीकही सर्व स्त्रियांना सारखी नसते, हे तिने दाखवून दिले.

ह्या परंपरेचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. सुजाता मॅसी हिच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) मधील परवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईतील पारशी वकील. हे पात्र रेखाटताना लेखिकेसमोर कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) आणि मिठन लाम (१८९८–१९८१) ह्या दोघींचे आदर्श होते. कॉर्नेलिया नाशिक येथे जन्मली व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकली. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तिने १८९२ मध्ये दिली. मात्र सेयर्झप्रमाणेच तिलाही पदवी १९२० नंतरच मिळाली. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न हाताळणे, हे तिचे जीवितकार्य होते. भारतात स्त्रियांना वकिलीची कायदेशीर मुभा १९२३ च्या अधिनियमाने मिळाली. कादंबरीतील तीन मुस्लिम विधवा परपुरुषासमोर येत नाहीत. पोलिसांना त्यांच्या दालनाचा उंबरठा ओलांडता येत नाही. न्यायालयात उभे राहण्याचा हक्क नसलेली परवीन तेथे सहज जाते आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेते. जेथे अधिकाराचे पाऊल थबकते, तेथून हौशी शोधनायिकेचे काम सुरू होते.